चिखलातल्या समुद्री गोगलगाईचं शास्त्रीय नाव कसं शोधायचं, कसं वाचायचं आणि वर्गीकरणात तिला कुठे बसवायचं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे न्यू जर्सी, लाँग आयलंड, केप कॉड वगैरे भागात ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात उतरलात तर काळपट, बोटाच्या पेराएवढ्या गोगलगाई अक्षरशः हजारोंनी पसरलेल्या दिसतात. तिकडे हिला ईस्टर्न मड स्नेल म्हणतात. आता हिच्याबद्दल वाचायला बसा. एका पुस्तकात हिचं नाव इलियानासा ऑब्सोलेटा, १९५०-६० च्या दशकातल्या पेपरांत नासारियस ऑब्सोलेटस, अलीकडच्या एखाद्या वेबसाइटवर ट्रिटिया ऑब्सोलेटा आणि जुन्या कॅटलॉगात नासा ऑब्सोलेटा. चारही नावं एकाच प्राण्याची, आणि गंमत म्हणजे ज्याने त्याने आपापल्या काळात बरोबरच लिहिलंय.

नवीन माणूस इथेच वैतागतो आणि "हे शास्त्रज्ञ सारखी नावं का बदलतात" म्हणून सोडून देतो. खरं तर नाव कसं बदललं ते एकदा पायरीपायरीने बघितलं की बाकी कुठल्याही शंखाचं नाव शोधता येतं, म्हणून ही एकच गोगलगाय धरून सगळं सांगतो, आणि शेवटी तीच पद्धत आपल्या कोकणच्या खाडीतल्या एका गोगलगाईला लावून बघू.

पहिलं काम: "मड स्नेल" हे नाव बाजूला ठेवा

बोलीतलं नाव शोधाची सुरुवात म्हणून ठीक आहे, पण त्यावर विसंबू नका. मड स्नेल नावाचा एकच गट वगैरे काही नाहीये. न्यूझीलंड मड स्नेल म्हणून जी जगभर बदनाम आहे ती गोड्या पाण्यातली चिमुकली गोगलगाय, पोटॅमोपिर्गस अँटिपोडारम, तिची फॅमिलीच वेगळी. युरोपच्या खाड्यांत जी मड स्नेल म्हणतात ती पेरिंजिया अल्वी, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. चीन-कोरियाकडे याच नावाने जी खातात ती बुलॅक्टा, तिचं कवच पातळ आणि शरीर पूर्ण आत मावतही नाही. आणि आपल्याकडे कांदळवनातल्या उंच निमुळत्या शंखांनाही इंग्रजीत मड क्रीपर, मड व्हेल्क असलं काहीतरी म्हणतात. हे सगळे प्राणी एकमेकांचे लांबलांबचे नातेवाईक आहेत. सारखं काय तर सगळे चिखलात राहतात, बस्स. त्यामुळे गुगलवर "मड स्नेल" टाकून जो पहिला फोटो येतो त्यावरून नाव ठरवणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

त्याआधी प्राणी नीट बघा

नावाकडे जायच्या आधी चार गोष्टी टिपून ठेवा: ठिकाण (नुसतं शहर नको, कुठली खाडी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कुठे), तारीख, जमीन कशी (मऊ चिखल, वाळूमिश्रित चिखल, दगड), आणि फोटो. फोटो कमीत कमी तीन हवेत, एक तोंडाच्या बाजूने, एक पाठीच्या बाजूने, एक टोकाकडून, आणि शेजारी पट्टी किंवा नाणं. तोंडाच्या बाजूचा फोटो नसेल तर भलेभले तज्ज्ञही हात वर करतात कारण ओळखीच्या निम्म्या खुणा तिथेच असतात. किती वेटोळी आहेत, तोंडाच्या पुढच्या कडेला खाच आहे का, आतली कड गुळगुळीत की तिच्यावर जाड थर, बाहेरची कड जाड की पातळ, हे सगळं तिथून कळतं.

आपल्या ईस्टर्न मड स्नेलचं सांगायचं तर कवच साधारण दोन-अडीच सेंटिमीटर, कधी तीनपर्यंत, रंग गडद तपकिरी ते काळा, आणि टोक जवळपास नेहमीच झिजलेलं, कुरतडल्यासारखं. अंगावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, पण ती इतकी पुसट आणि वर चिखल, शेवाळ इतकं बसलेलं की धुतल्याशिवाय दिसत नाही. तोंडाच्या आत गडद चकचकीत तपकिरी. जिवंत असेल तर बशीत थोडं समुद्राचं पाणी घालून पाच मिनिटं शांत ठेवा, पुढच्या खाचेतून एक लांब नळी बाहेर येते आणि हत्तीच्या सोंडेसारखी इकडून तिकडे फिरत वास घेत राहते. ही नळी आणि ती खाच लक्षात ठेवा, वर्गीकरणात पुन्हा लागणार आहे. अजून एक बघायचं म्हणजे पायाचं मागचं टोक. हिच्या बऱ्याच नातेवाईकांत तिथे दोन छोट्या शेपट्यांसारखे तंतू असतात, हिला ते नसतात. फोटो काढून झाला की जिथून उचलली तिथेच सोडा, ओळखीसाठी मारायची काहीच गरज नाही.

शक्यतांची यादी करा, एका नावावर उडी नको

त्याच किनाऱ्यावर हिच्यासारख्या अजून दोन गोगलगाई मिळतात, ज्यांची शास्त्रीय नावं ट्रिव्हिटाटा आणि व्हायबेक्स या शब्दांनी संपतात. ट्रिव्हिटाटा फिकट, टोकदार, स्वच्छ जाळीची आणि जरा वाळूत राहणारी. व्हायबेक्स बुटकी, जाड, आणि आतल्या कडेवर चकचकीत थर चांगला पसरलेला. म्हणजे काळी, झिजक्या टोकाची, मऊ चिखलावर झुंडीने असलेली जी आहे ती बहुतेक ऑब्सोलेटाच. आयनॅचरलिस्टसारखं अ‍ॅप सुचवतं ते बघायला हरकत नाही, पण त्याने सुचवलेलं नाव ही फक्त शक्यता धरा आणि त्या भागातल्या बाकीच्या जातींचे फोटो स्वतः शेजारी ठेवून बघा. अ‍ॅपला तुमच्या फोटोतला पाय दिसत नाही.

आता नाव वाचायला शिका

पूर्ण नाव असं लिहितात: इलियानासा ऑब्सोलेटा (से, १८२२). यातला पहिला शब्द जीनस (जवळच्या नात्यातल्या जातींचा गट), दुसरा शब्द जातीचा, मग ज्याने पहिल्यांदा वर्णन छापलं त्याचं आडनाव आणि ते छापलं ते वर्ष. हा से म्हणजे थॉमस से, फिलाडेल्फियाचा, तिथली अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेस १८१२ मध्ये ज्यांनी सुरू केली त्यांच्यातला एक. अमेरिकेतल्या शंखांवर आणि किड्यांवर सुरुवातीचं जे भक्कम काम झालं त्यातलं बरंचसं त्याचं.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे तो कंस. आडनाव-वर्ष कंसात असेल तर त्याचा अर्थ जात ज्या जीनसमध्ये मूळ छापली होती त्या जीनसमध्ये आता नाही. कंस नसेल तर मूळ जीनस आणि आजची जीनस एकच. सेने १८२२ मध्ये नाव दिलं होतं नासा ऑब्सोलेटा, म्हणून "नासा ऑब्सोलेटा से, १८२२" हे बिनकंसाचं आणि त्यानंतरची तिन्ही रूपं कंसवाली. लोक हा कंस सजावट समजून कुठेही टाकतात किंवा काढून टाकतात. तो सजावट नाही, तो नियम आहे, प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये कलम ५१.३. झाडांच्या नावात जीनस बदलणाऱ्याचंही नाव मागे लावतात, प्राण्यांत ते लागत नाही, त्यामुळे बॉटनीवाले मित्र बाजूला बसले असतील तर त्यांचं ऐकून गोंधळू नका.

मूळ वर्णनापर्यंत पोचा

आडनाव आणि वर्ष हातात आलं म्हणजे धागा मिळाला. वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज, ज्याला सगळे वर्म्स म्हणतात, आणि त्याच्याशीच जोडलेलं मोलस्काबेस, ही दोन ठिकाणं शंखशिंपल्यांसाठी पहिली. दोन्ही फुकट. रोमन स्पेलिंगमध्ये दुसरा शब्द टाकून शोधा, जीनस टाकू नका, कारण जीनसच बदलत असते. जातीचं पान उघडलं की वरच्या बाजूला स्टेटस असतं: स्वीकारलेलं की न स्वीकारलेलं. न स्वीकारलेलं असेल तर शेजारी आजचं नाव दिलेलं असतं. त्याखाली मूळ नाव, मूळ वर्णन कुठल्या ग्रंथात कुठल्या पानावर, आणि सिनॉनिमची, म्हणजे त्याच प्राण्याच्या इतर नावांची, यादी. प्रत्येक नावाला एक नंबर असतो, अफिया आयडी म्हणतात त्याला, तो वहीत लिहून ठेवा. उद्या नाव बदललं तरी त्या नंबरवरून तुम्ही बरोबर त्याच नोंदीवर पोचता आणि तिथून नव्या नावावर.

मग बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी उघडा. जुने ग्रंथ आणि जर्नल्स स्कॅन करून फुकट ठेवलेत, सेचं १८२२ चं काम फिलाडेल्फियाच्या अकॅडमीच्या जर्नलच्या दुसऱ्या खंडात आहे. मूळ पान एकदा तरी स्वतः वाचावं असं माझं ठाम मत आहे. जुनी वर्णनं छोटी असतात, फोटो नाहीतच, बऱ्याचदा चित्रही नाही, आणि वाचताना कळतं की नंतरच्या लोकांना "हीच ती जात" ठरवायला इतके कष्ट का पडले. म्हणूनच टाईप स्पेसिमेन लागतो, म्हणजे नाव ज्याला बांधलंय तो प्रत्यक्ष नमुना. लेखकाने एकच निवडला तर होलोटाइप, अनेक नमुने ठेवून एकही निवडला नाही तर ते सगळे सिनटाइप, नंतर कोणी त्यातला एक निवडला तर तो लेक्टोटाइप, आणि मूळ सगळं हरवलं म्हणून गरजेपोटी नवा ठरवला तर निओटाइप. हरवणं म्हणजे कसं, तर पुढे ज्याचं नाव येणार आहे त्या विल्यम स्टिम्प्सनने शिकागोत जमवलेलं कलेक्शन आणि हस्तलिखितं १८७१ च्या आगीत जळून गेली.

नाव का बदललं, हा खरा भाग

इथे जरा वेळ द्या, कारण एकाच गोगलगाईत नाव बदलायची जवळपास सगळी कारणं सापडतात.

सेने जीनस वापरली नासा, ती फ्रेंच शास्त्रज्ञ लॅमार्कने १७९९ मध्ये दिलेली. पण त्याच्या एकच वर्ष आधी, १७९८ मध्ये, हॅम्बुर्गच्या बोल्टेन नावाच्या डॉक्टरचं कलेक्शन विकायला काढलं तेव्हा रोडिंगने जो कॅटलॉग छापला त्यात नासा हेच नाव वेगळ्या शंखांना दिलेलं होतं, म्युरिसिडी फॅमिलीतल्या. प्राण्यांत एकच जीनसनाव दोघांना चालत नाही, आधीचं टिकतं, नंतरचं बाद. याला होमोनिम म्हणतात. रोडिंगचा कॅटलॉग खूप वर्षं कोणी फारसा मनावर घेतला नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात सगळे बिनधास्त लॅमार्कचं नासा वापरत राहिले, आणि मग तो ग्राह्य धरल्यावर अख्ख्या गटाला दुसरं नाव शोधायची वेळ आली. ते सापडलं दुमेरीलचं नासारियस, १८०५ चं. जुन्या पुस्तकांत दुमेरील, १८०६ दिसेल, कारण त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर १८०६ छापलंय पण तो बाहेर आला आधीच. तारखांचा असला घोळ नेहमीचा आहे, एक वर्ष इकडेतिकडे दिसलं तर लगेच छपाईची चूक समजू नका.

म्हणजे नासा ऑब्सोलेटाची झाली नासारियस ऑब्सोलेटस. पण दरम्यान १८६५ मध्ये स्टिम्प्सनने या गोगलगाईसाठी वेगळी जीनस काढलेली होती, इलियानासा. इलिस म्हणजे ग्रीकमध्ये चिखल, त्याला जुनं नासा जोडलं. आता इथे नियमाचा प्रश्न नाही, मताचा आहे: पायाला शेपट्या नाहीत वगैरे फरक एवढा मोठा मानायचा का की वेगळी जीनस करावी? काही म्हणाले हो, काहींनी ती नासारियसमध्येच ठेवली, म्हणून शंभरेक वर्षं दोन्ही नावं शेजारी शेजारी चालली. भ्रूणशास्त्रवाल्यांनी इलियानासा धरून ठेवलं, कारण १८९६ मध्ये क्रॅम्पटनने हिच्या अंड्यांवर जे गाजलेले प्रयोग केले तेव्हापासून त्यांच्या लॅबमध्ये हेच नाव तोंडात बसलं. इकॉलॉजीवाले मात्र १९५०-६० च्या सुमारास नासारियस लिहिताना दिसतात.

मग आला डीएनए. २०१६ मध्ये पॅरिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या मंडळींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या नासारिडी फॅमिलीचा अनेक जीन घेऊन वंशवृक्ष काढला आणि असं दिसलं की नासारियस म्हणून आपण जे गाठोडं बांधलं होतं ते एका वंशाचं नाहीच. खरं नासारियस मुख्यतः इंडो-पॅसिफिकचं. अटलांटिक-भूमध्य समुद्राकडच्या बऱ्याचशा जातींना रिसोने १८२६ मध्ये दिलेलं ट्रिटिया हे जुनं नाव पुन्हा वर काढलं आणि आपली गोगलगाय त्यात गेली, ट्रिटिया ऑब्सोलेटा. तिची शेजारीण व्हायबेक्स गेली तिसऱ्याच जीनसमध्ये, फ्रॉन्टिस. म्हणजे सेने १८२२ मध्ये एकाच जीनसमध्ये ठेवलेल्या तीन बहिणी आता एका घरात नाहीत. आणि ऑब्सोलेटाची गाडी ट्रिटियावर थांबली असंही नाही, इलियानासा हे नावही आजच्या लिखाणात मानाने वापरतात. त्यामुळे लिहायच्या दिवशी वर्म्सवर स्टेटस बघा आणि "अमुक तारखेला पाहिलं" असं लिहा. जीनसवरून भांडत बसण्यात अर्थ नाही, जातीचा शब्द आणि (से, १८२२) बरोबर असेल तर जगातला कोणीही तुमची गोगलगाय ओळखेल.

इथे दोन गोष्टी लोक हमखास मिसळतात. नासारियस ऑब्सोलेटस आणि ट्रिटिया ऑब्सोलेटा ही एकाच जातीची दोन कॉम्बिनेशन्स, म्हणजे जातीचा शब्द तोच, फक्त घर बदललं. सिनॉनिम म्हणताना साधारणपणे दुसराच प्रकार डोळ्यासमोर असतो, दोन वेगवेगळ्या लोकांनी एकाच प्राण्याला नकळत दोन वेगळी नावं दिली तो. तिथे जुनं टिकतं. मात्र कोडमध्ये एक पळवाट मुद्दाम ठेवलीय: जुनं नाव १८९९ नंतर कोणीच वैध म्हणून वापरलं नसेल आणि नवं नाव गेल्या ५० वर्षांत कमीत कमी १० लेखकांनी २५ कामांत वापरलेलं असेल, आणि ती कामं निदान १० वर्षांच्या काळात पसरलेली असतील, तर रुळलेलं नवंच ठेवता येतं. नाहीतर कोणीतरी कुठल्या तरी धूळ खात पडलेल्या कॅटलॉगमधून नाव काढून अख्खं साहित्य उलथवून टाकायचं.

ऑब्सोलेटस की ऑब्सोलेटा?

हे टायपो नाही. जातीचा शब्द लॅटिन विशेषण असेल तर तो जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतो, आपल्याकडे काळा घोडा, काळी घोडी चालतं तसंच. नासारियस पुल्लिंगी म्हणून ऑब्सोलेटस, नासा, इलियानासा, ट्रिटिया स्त्रीलिंगी म्हणून ऑब्सोलेटा. पण व्हायबेक्स हे नाम आहे, विशेषण नाही, म्हणून नासारियस व्हायबेक्स आणि फ्रॉन्टिस व्हायबेक्स, काहीच बदल नाही. शोधताना याचा फटका बसतो: पेपर शोधत असाल तर ऑब्सोलेटस आणि ऑब्सोलेटा दोन्ही टाका, आणि चारही जीनस टाका. हे नुसतं सोवळं नाही. या गोगलगाईत एक परजीवी राहतो, ऑस्ट्रोबिल्हार्झिया, ज्याच्या अळ्यांमुळे खाडीत पोहणाऱ्यांना अंगाला खाज सुटते. त्याची माहिती हवी असेल आणि तुम्ही फक्त ट्रिटिया टाकलंत तर २०१६ च्या आधीचं जवळपास सगळं काम हातून सुटतं. तसंच कॅलिफोर्नियात ही बाहेरून आलेली आहे, अटलांटिकची कालवं सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये नेऊन वाढवायचे त्यांच्याबरोबर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचली आणि तिथल्या मूळच्या चिखलगोगलगाईला तिने बऱ्याच जागांवरून हुसकावलं. अशा यादीत जुनं-नवं नाव जुळलं नाही तर एकच प्राणी दोनदा मोजला जातो.

वर्गीकरणाची शिडी

जीनसच्या वर जाऊ. वरून खाली: प्राणी, मोलस्का, गॅस्ट्रोपोडा, सीनोगॅस्ट्रोपोडा, निओगॅस्ट्रोपोडा, सुपरफॅमिली बक्सिनॉइडिया, फॅमिली नासारिडी, मग जीनस आणि जात. शेवटची अक्षरं बघितली तरी पायरी कळते, रोमनमध्ये आयडीएई असेल तर फॅमिली, ओआयडीईए असेल तर सुपरफॅमिली, आयएनएई असेल तर सबफॅमिली. त्याच्या वरच्या पायऱ्यांना असं ठरलेलं शेपूट नाही.

फॅमिलीच्या नावामागे एक विचित्र गोष्ट दिसेल: नासारिडी आयरडेल, १९१६ (१८३५). दोन वर्षं कशाला? वर सांगितलेल्या नासाच्या घोळामुळेच. फॅमिलीचं नाव आधी नासावरून होतं, १८३५ चं. नासा बाद झाल्यावर ते बदलून १९१६ मध्ये नासारिडी केलं, पण ज्येष्ठता जुन्या नावाचीच धरायची असं कलम ४०.२ सांगतं, म्हणून कंसात १८३५. हा कंस आणि जातीच्या नावातला कंस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तेवढं सांभाळा.

निओगॅस्ट्रोपोडात ती का बसते? ती नळी आणि खाच, बाहेर काढता येणारी सोंड, आणि जिभेवरच्या दातांच्या पट्टीत एका ओळीत सहसा तीनच दात, ही त्या गटाची चिन्हं. गटातले बहुतेक सगळे मांसाहारी. आपली बाई मात्र चिखल आणि त्यावरचं शेवाळ खात फिरते, मेलेला मासा मिळाला तर तोही सोडत नाही, आणि १९५६ मध्ये तर हिच्या पोटात क्रिस्टलाइन स्टाइल सापडली, ही पचनाची काचेसारखी कांडी जी सहसा शिंपल्यांत किंवा शेवाळ खाणाऱ्या गोगलगाईंत असते. म्हणून ती तिकडच्या गटात गेली का? नाही. खाणं बदलू शकतं, राहणं बदलू शकतं, वर्गीकरण वंशावर होतं.

आपल्याकडे बीएस्सीला पायला ग्लोबोसा (गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय) कापलेल्या सगळ्यांना प्रोसोब्रँकिया आणि मेसोगॅस्ट्रोपोडा हे शब्द पाठ असतील. हे दोन्ही गट आता मोडीत निघालेत कारण त्यात आजोबा घेतले आणि काही नातवंडं बाहेर ठेवली असं झालं होतं. अनेक पुस्तकांत आणि नोट्समध्ये अजून आहेत, परीक्षेला जे पुस्तकात आहे ते लिहा, पण रिपोर्टमध्ये किंवा पेपरमध्ये नको. आधार म्हणून बुशे आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं गोगलगाईंचं वर्गीकरण वापरतात. आणि हो, पायला ग्लोबोसाचं पूर्ण नाव बघा, (स्वेन्सन, १८२२), कंस आहे, कारण मूळ नाव अँप्युलारिया ग्लोबोसा.

आता हेच कोकणात करून बघा

ठाण्याच्या खाडीपासून खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत कांदळवनाशेजारच्या चिखलावर बारीक, उंच, निमुळते, मण्यांच्या ओळी असलेले शंख ढिगाने असतात. बऱ्याच भारतीय पेपरांत यांचं नाव सेरिथिडिया सिंग्युलाटा. दुसरा शब्द वर्म्सवर टाका. मूळ नाव निघतं म्युरेक्स सिंग्युलाटस, ग्मेलिन, १७९१, लिनियसच्या मृत्यूनंतर ग्मेलिनने काढलेल्या त्याच्या ग्रंथाच्या तेराव्या आवृत्तीतलं. मग सेरिथियम सिंग्युलाटम, पोटॅमिडिस सिंग्युलाटस, सेरिथिडिया सिंग्युलाटा, सेरिथिडिऑप्सिला सिंग्युलाटा आणि आता पिरेनेला सिंग्युलाटा (ग्मेलिन, १७९१). शेपूट कसं लिंगाप्रमाणे फिरलं ते बघा, टस, टम, टा. शेवटचा बदल २०१६ मधल्या रीड आणि ओझावा यांच्या कामातून आला: सेरिथिडिऑप्सिला १९२९ चं, पिरेनेला १८४७ चं, दोन्ही एकच जीनस ठरल्यावर जुनं टिकलं.

त्याच कामात अजून एक झालं जे नुसत्या नावबदलापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. सिंग्युलाटा म्हणून जे सगळीकडे नोंदवलं जायचं त्यात अनेक जाती मिसळलेल्या होत्या. आखातातली वेगळी निघाली, पिरेनेला अरेबिका. म्हणजे दुबई-मस्कतला राहणाऱ्या कोणी तिथल्या खाडीतला फोटो काढून जुन्या पुस्तकावरून सिंग्युलाटा लिहिलं तर नाव अपडेट करून भागणार नाही, ओळखच पुन्हा करावी लागेल. कॉम्बिनेशन बदललं तर जुनी नोंद डोळे झाकून नव्या नावाने लिहिता येते, जात फुटली तर फोटो किंवा नमुना पुन्हा बघावाच लागतो.

आणि वर्गीकरण? पिरेनेलाची फॅमिली पोटॅमिडिडी, सुपरफॅमिली सेरिथिऑइडिया. सीनोगॅस्ट्रोपोडापर्यंत ती अमेरिकन मड स्नेलच्या बरोबर आहे, मग वाट फुटते. तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, हाताच्या बोटाएवढा काळा शंकू दिसला तर तो टेलिस्कोपियम टेलिस्कोपियम (लिनियस, १७५८) असू शकतो, मूळ नाव ट्रोकस टेलिस्कोपियम. जीनस आणि जात एकच शब्द, प्राण्यांत चालतं, झाडांत चालत नाही.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, तिथून जिवंत काय, रिकामा शंखही उचलू नका, फोटो पुरेसा आहे. खरंच नमुन्यावरून ओळख हवी असेल तर परवानगी घेऊन, झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पुण्यात आकुर्डीला पश्चिम विभागाचं केंद्र आहे तिथे विचारा.

लिहिताना

रोमनमध्ये लिहिताना जीनस आणि जात तिरक्या अक्षरात, जीनसचं पहिलं अक्षर कॅपिटल, जातीचं कधीच नाही, अगदी माणसाच्या किंवा गावाच्या नावावरून असलं तरी. आडनाव, वर्ष आणि फॅमिलीचं नाव सरळ अक्षरात. पहिल्यांदा पूर्ण नाव लेखक-वर्षासकट, नंतर जीनसचं आद्याक्षर पुरे, पण एकाच रिपोर्टात पिरेनेला आणि पायला दोन्ही असतील तर आद्याक्षराने घोळ होतो, तिथे पूर्णच लिहा. देवनागरीत लिहित असाल तर निदान एकदा रोमन स्पेलिंग सोबत द्या, नाहीतर वाचणारा शोधणार काय. जात नक्की नसेल तर जीनसपुढे "एसपी." लिहून थांबा, आणि "अमक्यासारखी वाटते पण तपासायचं आहे" असं म्हणायचं असेल तर मध्ये "सीएफ." टाका. ठोकून दिलेल्या जातीपेक्षा प्रामाणिक एसपी. कधीही बरं, तज्ज्ञाला ते पुढे नेता येतं.

ऑब्सोलेटाची रिपोर्टातली ओळ साधारण अशी दिसेल: इलियानासा ऑब्सोलेटा (से, १८२२), मूळ नाव नासा ऑब्सोलेटा, काही लिखाणात ट्रिटिया किंवा नासारियस, फॅमिली नासारिडी, वर्म्सवर पाहिल्याची तारीख, अफिया आयडी, खाडीचं नाव, फोटोचा नंबर.